सूर्याचा घेर

पायलनं तो पोशाख पहिल्यांदा पाहिला तो एका जाडजूड पुस्तकातल्या चित्रात. इंदापूरच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मेघना मॅडमनी पुस्तक तिच्यापुढं उघडं ठेवलं आणि विचारलं, "हे शिवता येईल का गं?"

चित्रात सतराव्या शतकातला फ्रान्सचा राजा होता, नाचाच्या वेषातला. डोक्यावर उंच पिसांचा तुरा, खांद्यांतून, मनगटांतून, गुडघ्यांतूनसुद्धा फुटलेली सोनेरी किरणं आणि कमरेपासून ताठ फुललेला घेर.

"राजा स्वतः नाचायचा?" पायलनं विचारलं.

"अगदी कोवळ्या वयात. रात्रभर बॅले चालायचा. शेवटी हा उगवता सूर्य होऊन यायचा आणि सगळा दरबार त्याच्याभोवती फिरायचा. आपण तेवढाच शेवट बसवायचा. बारामतीच्या आंतरकॉलेज स्पर्धेत."

पायलनं चित्रावरून बोट फिरवलं. "शिवते," ती म्हणाली. विचार करून सांगते, असं म्हणायची तिला सवयच नव्हती.

ते पंच्याण्णव साल होतं. कॉलेजातली निम्मी पोरं सिनेमाच्या गाण्यांवर नाचायला उतावीळ, आणि मॅडम त्यांना पावलं बाहेरच्या अंगाला वळवून हळू चालायला शिकवत होत्या. सोपानच्या घरचा लग्नाचा बँड होता. तो क्लॅरोनेटवर एक संथ चाल घोळवायचा. राजाचं काम इंद्रजितकडं होतं. उंचापुरा, देखणा, गावात बुलेट घेऊन फिरणारा. त्याच्याशिवाय दुसरं नाव कुणी घेतलंच नाही.

पायलचं घर बुद्धविहाराच्या मागं होतं. तिची आई अक्काबाई शाळेचे गणवेश शिवायची आणि पायल पायमशिनवरच मोठी झालेली. घेराचं कापड बघून अक्काबाई म्हणाली, "आगं, ह्यो बाप्या हाय का बाई?"

"राजा हाय, आई."

"मग झग्यात कशाला गं?"

"तितं राजं असंच नाचायचं. जेवढा मोठा माणूस, तेवढा भारी पोशाख."

पहिला घेर दोन तासांत ओल्या पापडासारखा खाली बसला. पायलनं तो उसवला. दुसऱ्यात बकरमच्या कडक कापडाचे थर घातले, तर तो एवढा जड झाला, की घालणाऱ्याला मुरडताच येईना. तिसऱ्या खेपेला तिनं खोक्यांना बांधून येते ती प्लॅस्टिकची पट्टी काठात घातली, आणि घेर छत्रीसारखा उभा राहिला. किरणांना जरीची लेस लावली. पिसांचं मात्र अडलं. तेवढ्या उंच पांढऱ्या पिसांचा पत्ताच नव्हता. एका सकाळी कॉलेजला येताना तिची नजर रस्त्याकडेच्या, इंद्रजितच्या घरच्या उसावर गेली. वाऱ्यावर रुपेरी तुरे डुलत होते.

"तुमच्या उसाचं तुरं पायजेत," ती इंद्रजितला म्हणाली.

तो हसला. "न्या की. आमचे आबा तर तुऱ्याकडं बघून नुसते चिडत्यात. तुरा आला की साखरेचा उतारा घटतो म्हणं."

पोशाख तयार होत गेला तसा पायल तो स्वतःच्या अंगावर घालून बघायची. शिवण कुठं ताणतेय, किरण कुठं टोचतंय, हे तसं घातल्याशिवाय कळायचं नाही. आणि घातला की तिला एक गोष्ट जाणवायची. ह्या पोशाखात वाकून चालताच येत नाही. मान आपोआप वर होते. ती घरातल्या घरात, भांड्यांच्या मांडणीपासून दारापर्यंत, तशी, तालमीत बघितलेली पावलं टाकत चालायची आणि अक्काबाई शिवता शिवता थांबून बघायची.

स्पर्धेच्या दिवशी एसटीच्या मागच्या सीटवर सूर्य बसवून सगळे बारामतीला पोचले. इंद्रजितनं रंगमंचामागच्या खोलीत पोशाख चढवला. तेवढ्यात खिडकीतून दुसऱ्या कॉलेजची पोरं डोकावली.

"ए, घागरा बघा घागरा!" आणि शिट्ट्या.

इंद्रजितचा चेहरा उतरला. त्यानं एकेक किरण उतरवायला सुरुवात केली. "मॅडम, मला न्हाय जमायचं. उद्या गावात फिरायचंय मला."

मॅडमनी समजावलं, सोपाननं विनवलं. तो घेर बाकावर ठेवून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"मी घालते," पायल म्हणाली.

"पोरगी राजा व्हणार?" मागून कुणीतरी बोललं. दुसरं कुणीतरी पुटपुटलं, "आणि राजा म्हणून हिलाच उभं करायचं?" ह्या 'हिलाच'चा अर्थ पायलला लहानपणापासून कळत होता. ती बोलणाऱ्याकडं वळली.

"त्या दरबारात बायकांची कामं पुरुष करायचे. मग हितं उलटं झालं तर काय बिघडलं? आणि राजाच्या पोशाखाचं म्हणशील, तर ह्यातला टाका न् टाका मी घातलाय. माझ्याइतका कुणाच्या अंगाला तो ओळखीचा हाय?"

मॅडम तिच्या पाठीचे बंद बांधायला लागल्या.

पडदा उघडला. सोपानची चाल सुरू झाली. दरबारी दोन रांगांत सरकले आणि विंगेतून पायल निघाली. सभागृहात हशा पिकला. ती घाईनं पुढं गेली नाही. पाऊल बाहेर वळवून टेकवलं, वजन दिलं, मग दुसरं. हशा तिच्या पावलांची वाट बघून दमला आणि विझला.

आणि नेमकं तेव्हाच खांद्यावरचं किरण पडद्याच्या झालरीत अडकलं. ओढलं तर फाटणार. पायल जागच्या जागी थांबली. हात उंचावून, हनुवटी वर करून, जणू दरबाराकडून मुजरा घ्यायलाच उभी आहे. सोपाननं तीच ओळ पुन्हा वाजवायला घेतली, दरबारी झुकले. विंगेतून एक हात पुढं आला आणि त्यानं झालर अलगद सोडवली. तो इंद्रजितचा होता.

पायल मध्यभागी आली, हळूच फिरली. घेर फुलला, तुरे लखलखले, दरबार तिच्याभोवती वर्तुळात फिरला. लोकांना वाटलं, ते थांबणं बसवलेलंच होतं. टाळ्या बराच वेळ चालल्या.

पहिला नंबर दुसऱ्या कॉलेजच्या लेझमाला गेला. बक्षिसं वाटताना परीक्षकांनी पोशाखाचं वेगळं कौतुक केलं आणि शिवणाऱ्याला स्टेजवर बोलावलं, तेव्हा सूर्यच चालत आलेला बघून सभागृह पुन्हा हसलं. ह्या हसण्यात टवाळी नव्हती.

परतीच्या गाडीत इंद्रजित तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. "मला वाटलेलं, कापड घातलं की झालं," तो म्हणाला.

"लोक हसायला लागल्यावर मलापण पळून जावंसं वाटलेलं," पायल म्हणाली. "पण थांबून पाऊल टाकलं की ते जातं."

पुढच्याच महिन्यात सोमेश्वरनगरहून एका शाळेच्या बाई पत्ता विचारत आल्या. संमेलनाला दरबार दाखवायचा होता. मापं आणलीत, म्हणाल्या.

पायलनं मापं बाजूला ठेवली. "पोरांनाच घेऊन या," ती म्हणाली. "आधी मला ती चालताना बघायचीत."