शेवटच्या खोलीतलं तेज

आश्रमाच्या चारही खोल्या गच्च भरल्या होत्या. बाबा आतल्या बंद दालनात कॅमेऱ्यासमोर बसत आणि चारही पडद्यांवर एकाच क्षणी प्रकट होत. पण झुंबड उडे ती बोळाच्या पार टोकाच्या खोलीत. तिथल्या पडद्यावर बाबांच्या चेहऱ्याभोवती तेज दिसे. एका कडेला तांबूस, दुसऱ्या कडेला निळसर. जुनाट दुखण्याची माणसं मुद्दाम तिथे बसवत.

"हे तेज अंगावर घ्या," बाबा सांगत होते. "औषध म्हणजे संशय. संशय आणि कृपा एका ताटात जेवत नाहीत."

ताईने हृदयाच्या गोळ्या केव्हाच सोडल्या होत्या. आज इथवर येताना ती धापा टाकत भिंतीला टेकली होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ बसला होता, निवृत्त ग्रंथपाल. घरात दोघंच. त्याने समजावलं की ती म्हणे, "पुस्तक्या, तू वाच तुझं."

इतक्यात बाबांच्या नाकाशेजारी संगणकाचा पांढरा बाण सरकत आला. आत कुणाचा तरी माउसला धक्का लागला असावा. बाण हनुवटीशी थांबला. त्यालाही तेज होतं. एका कडेला तांबूस, दुसऱ्या कडेला निळसर.

"ताई, बाणालाही तेज आहे."

"बाबांच्या जवळ गेला ना तो."

बाण पडद्याच्या कोपऱ्यात गेला. तेज तसंच.

"आणि आता?"

ताईने नजर बाणावरून काढून बाबांवर लावली.

त्याला आठवलं, ग्रंथालयातल्या पडद्यावर अक्षरांना अशीच रंगीत किनार आली होती. मेकॅनिकने कारण समजावत मागच्या डबीचे स्क्रू फिरवले आणि अक्षरं स्वच्छ झाली. की आपल्याला चुकीचं आठवतंय? चुकलो तर भर खोलीत शोभा होईल आणि ताई कायमची तुटेल. शिवाय आपल्याला खरं काय ते हवंय, की फक्त ताई घरात हवीय? त्याला ठरवता येईना. मग ताईचा हात छातीकडे गेला, आणि तो उठला.

पडद्यामागे छोटी डबी होती. शेजारी जादा वायरीचं भलंमोठं वेटोळं, कुणी न कापलेलं.

"आजोबा, हात लावू नका," सेवेकरी म्हणाला. "तिथे शक्ती आहे."

"असेल." तो डबीकडे वाकला. "पण शक्ती स्क्रूला भीत नसेल ना?"

पहिला स्क्रू फिरवताच तेज दुप्पट झालं. लोकांनी हात जोडले. त्याने दुसरा फिरवला, मग तिसरा. तांबडी कड आत सरकली, निळी आत सरकली, आणि पडद्यावर राहिला दाढी करताना गाल कापलेला एक साधा माणूस.

"आत एकच संगणक आहे," तो म्हणाला. "त्याचं चित्र चार वायरींनी चार खोल्यांत जातं. लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वायरीतल्या वेगवेगळ्या तारांतून येतात. तारांचा पीळ सारखा नसतो, म्हणून कुणाची लांबी कमी, कुणाची जास्त. जवळच्या खोलीत फरक दिसत नाही. इथे वायर लांब, त्यात हे वेटोळं. एखादा रंग मागे पडतो आणि कड फुटते. हा स्क्रू पुढे आलेल्या रंगाला थोपवतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः फिरवून पाहा."

कुबड्या घेतलेला एक गृहस्थ उठला. त्याने स्क्रू फिरवला, तेज आलं. उलटा फिरवला, गेलं. तो कुबड्या टेकत बाहेर पडला.

"बाबा परीक्षा पाहतायत," मागून कुणीतरी म्हणालं. सेवेकऱ्याने ग्रंथपालाला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. ताई मागोमाग आली.

घरी आल्यावर ती खुर्चीत टेकली. मग म्हणाली, "तिथे शेजारी बसणारी बाई माझा हात धरून बसायची. घरी तू पुस्तक धरतोस."

त्याने गोळी आणि पाणी पुढे केलं.

कुणी औषध सोडायला सांगितलं, तर आधी पडद्यामागे जाऊन पाहावं. हात जोडण्याआधी प्रश्न विचारावा. आणि आपलं माणूस तिथे का जातं, हेही घरी बसून तपासावं.

ताईने गोळी गिळली. "त्या तारांचं पुन्हा सांग," ती म्हणाली. "सावकाश सांग. मला आता कुठे जायचंय?"