पिवळा मग

"थांबवा जी, चंपतराव! बंद करा ते!"

चंपतरावांनी ग्राइंडरचा खटका पाडला आणि ते धावत आले. प्लास्टिक दळणारं ते पातं कोणाची गय करत नसे. "बोट गेलं का वं? दाखव, हात दाखव!"

मैनाबाईने दोन्ही हात पुढे केले. सगळी बोटं जागेवर होती. उजव्या तळहातावर प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा होता, अर्धा पिवळा आणि अर्धा निळा.

"माया पोरीचा, उत्तराचा मग होता जी," ती म्हणाली. "मीच टाकला."

नंदनवन वस्तीतल्या त्या शेडमध्ये मोडकंतोडकं प्लास्टिक पोत्यांनी येई. ते निवडायचं, दळायचं, चुरा वितळवून साच्यात दाबायचा, की नवे मग तयार. सगळ्या रंगांचा चुरा एकत्र वितळला की चिखलासारखा भलताच रंग येतो, म्हणून त्यात काळी भुकटी टाकायची. काळ्यात सगळं खपून जातं. निवडण्याचं काम मैनाबाईचं. कोष्ट्याची लेक आणि कोष्ट्याचीच सून. घरचा माग बंद पडेपर्यंत तिचा जन्म सुताच्या कांड्या भरण्यात गेला होता, आणि कांड्या भरताना बाई हाताकडेच बघत बसली तर झालंच विणकाम! इथेही तेच. तुकड्यावर टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर तो कडक जातीचा, बाजूला; बद्द वाजला तर ग्राइंडरच्या तोंडात. जीभ गप्पांत, डोळे दाराकडे आणि हात कामात. मैनाबाईच्या हातांना डोळे आहेत, असं मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि मैनाबाईला त्याचा चांगलाच तोरा होता.

दिवाळीच्या आधी उत्तरा टायफॉइडने गेली. सहा वर्षांची पोर. तिच्या पिवळ्या मगाला एकदा तडा गेला, तेव्हा मैनाबाईने उलथणं तापवून त्यावर निळ्या बादलीचा तुकडा चिकटवला होता. "मगाले चटका बसला का वं माय?" असं विचारून पोरीने त्यावर फुंकर घातली होती. शेवटच्या तापातही पाणी त्याच मगातून. दुसरं भांडं ती ओठाला लावू देईना. गेलेल्या लेकराचं काही घरात ठेवू नये म्हणून सासूने फ्रॉक वाटून टाकले आणि तो मग भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला. मैनाबाई तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

वस्तीतलं भंगार फिरून फिरून आज ना उद्या याच शेडमध्ये येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून कामावर परतल्यापासून ती एकेक तुकडा डोळ्यांनी पाहून टाकू लागली. काम रेंगाळलं, मालक कुरकुरले, तोरा गेला. तिला त्याचं काही नव्हतं. तिला फक्त तो मग हवा होता.

आणि आज चंपतरावांनी जावयाचा किस्सा सांगितला. सायकल चालवता चालवता जावईबापूंना डुलकी लागली आणि ते सायकलसकट म्हशींच्या गोठ्यात शिरले. मैनाबाई हसली. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तेवढ्या वेळात हात आपल्या जुन्या सवयीने चालत राहिले, आणि पात्याखालून एक तुकडा उडून पुढ्यात पडला तेव्हा कुठे तिने पाहिलं.

"मी हासली जी," ती म्हणाली. "मी हासली, अन् या हाताइनं टाकून देला. डोये हायेत म्हनतात ना या हाताइले? मंग काहून नाही ओयखला?"

"काहून सांगतला मी तो किस्सा," चंपतराव स्वतःशीच म्हणाले. त्यांनी ग्राइंडरखालच्या टबातल्या चुऱ्यात हात घालून पाहिला. पिवळा चुरा पुष्कळ होता, कोणाकोणाच्या घरचा. "हा तुकडा घरी ने वं. जपून ठेव."

मैनाबाईने तो पदराच्या टोकात बांधला. गाठीवरून अंगठा फिरवला आणि ती परत सोडली.

"बाकीचा सारा तिकडं हाये. हा एकटा राहून काय करन?"

तिने तो तुकडा आपल्या हाताने चुऱ्यात सोडला. काळी भुकटीही तिनेच टाकली.

चुरा वितळला तसा चंपतरावांनी मशीनचा दांडा ओढला. साचा उघडला आणि काळाभोर मग बाहेर आला. मैनाबाईने तो दोन्ही हातांत घेतला. पोरीचं अंग असंच तापलं होतं. तिने त्यावर हलकेच फुंकर घातली.

चंपतरावांनी दुसरा मग काढला नाही. तिच्या हातातला थंड पडेपर्यंत ते दांडा धरून उभे राहिले.