आत्मा पन्नास किलोंचा

“त्रेपन्न!” चेला ओरडला आणि सगळा हॉल हळहळला. पीसबाबांनी वजनकाटा उचलून कपाळाला लावला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि काटा परत खाली ठेवला. आमच्या कारखान्यातली बुटकी बटणवाली पुन्हा त्यावर चढली.

“पन्नास!”

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. बटणवालीने तिथेच गिरकी घेतली. तीन किलो गेले होते, तेही उभ्याउभ्या!

“देवाघरी साचा एकच, भक्तहो!” बाबा गरजले. “प्रत्येक आत्मा पन्नास किलोंचा. वरचं सगळं पाप! या, पाप उतरवा, पिसासारखे व्हा! जाताना अंगाऱ्याची पुडी घ्या!”

या हिशेबाने मी एकवीस किलो पापी ठरत होतो. माझ्या बायकोला विचारलं असतं तर तिने आकडा वाढवूनच सांगितला असता.

हॉलला लागूनच आमचा शिवणकारखाना. मी तिथे कटिंग मास्तर. कुणाचा खांदा उतरता, कुणाची पाठ रुंद, हे आमच्या बायका नुसत्या नजरेने सांगतात. एकीचा झगा दुसरीला होत नाही, यावर तर आमचं पोट चालतं. आणि याच बायका जेवणाच्या सुट्टीत हॉलमध्ये पळत होत्या, सगळ्यांना एकच माप लावून घ्यायला! म्हणतात ना, दिव्याखाली अंधार. आमच्याकडे तर अख्खी लोडशेडिंग होती.

मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या गर्दीत माझी धाकटी बहीण होती.

धाकटी इतकी उंच की कारखान्यात तिला शिडी म्हणतात. काट्यावर ती सुरुवातीला अठ्ठावन्न भरायची आणि आजूबाजूच्या बुटक्या मैत्रिणी पन्नासच्या आसपास. झालं, हीच सगळ्यांत पापी! तिने जेवण सोडलं. दिवसभर बाबांच्या पुडीचं पाणी प्यायची. स्वतःच्या झग्याची कंबर तिने माझ्याकडून दोनदा आत शिवून घेतली. हॉलमध्ये उतरलेले तीन किलो घरच्या काट्यावर परत चढत. “संगत वाईट,” बाबा सांगत. संगत म्हणजे आम्ही घरचे!

परवा मशिनवर तिला घेरी आली. सुई बोटाला चाटून गेली.

“आता पुरे! चल, जेव आधी,” मी ओरडलो.

“दादा, चारच किलो पाप उरलंय रे,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी मी आत्याला बोलावलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, अंगाने गोल, हसली की भिंती हलतात. सुट्टीभर ती हॉलच्या मागच्या रांगेत बसून शेंगदाणे खात बाबांकडे बघत राहिली. मग माझ्या कानाशी लागली. “बाबा रिकामा काटा नेहमी शालीने झाकतो, पाहिलंस? आणि कपाळाला लावताना अंगठा खाली काय चाळे करतो? मला तुमचा जुना पुतळा दे.”

आमचा जुना पुतळा म्हणजे मापाला कपडे चढवायचा, लोखंडी पायाचा, आत वाळू ठासलेला आणि बिनडोक्याचा. आत्याने त्याला चिंध्यांचं डोकं बसवलं, पायघोळ कोट घातला, स्कार्फ कपाळापर्यंत ओढला. कारखान्यातल्या चौघांनी तो उचलून हॉलमध्ये नेला, तेव्हा एका आजीबाईने उठून त्याला बसायला खुर्ची देऊ केली!

“बाबा, ही माझी मैत्रीण,” आत्या हुंदका आवरत म्हणाली. खरं तर ती हसू आवरत होती. “बोलत नाही, चालत नाही. जेवणाचं तर नावच काढू नका.”

“कळलं मला.” बाबांनी चिंध्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “विचारांनी डोकं जड झालंय. नवऱ्याशी पटत नाही.”

“अगदी खरं, पटतच नाही!” आत्या म्हणाली. मी हसू दाबायला स्वतःला चिमटा काढला.

पुतळा काट्यावर चढवला. “सहासष्ट!” हॉल हळहळला. पुतळा उतरवला. काटा कपाळाला, डोळे बंद, पुटपुट. पुतळा पुन्हा वर.

“त्रेसष्ट!”

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्याच कडकडाटात आत्याने स्कार्फ ओढला. डोकं सुटून चिंध्या बाबांच्या पायाशी पसरल्या.

मग बटणवाली किंचाळली, “अगं बाई, हा तर आपला पुतळा! याने कधी उपास केला?”

हॉल हसून लोळायला लागला. बाबा चाचरले, “पुतळ्यातही आत्मा असतो...”

“मग त्यालाही पुडी द्या!” मागून कुणीतरी ओरडलं.

आत्याने पुतळा उतरवून घेतला आणि बाबांना शाल टाकू न देता काटा उचलून सगळ्यांना दाखवला. “बघा. वर कुणीही नाही, तरी सुई शून्याच्या तीन किलो मागे. काट्याखाली हे चाक असतं, सुई शून्यावर आणायला. बाबा कपाळाला लावताना हे फिरवतात. पाप कुणाचंच उतरलं नाही, फक्त सुई सरकली.”

चेला आधी पळाला, बाबा मागोमाग. शाल तेवढी राहिली.

आत्या मात्र धाकटीसमोर बसली. “तुझी उंची किती गं?”

“एक मीटर सत्तर.”

“उंचीला उंचीने गुण. दोन पूर्णांक एकोणनव्वद. त्याने वजनाला भाग. मोठ्या माणसाचं उत्तर साडेअठरा ते पंचवीसच्या मध्ये आलं, तर साधारण ठीक. काही डॉक्टर तेवीस ओलांडलं की लगेच जपायला सांगतात. तुझ्या आताच्या चोपन्नला येतं अठरा पूर्णांक सात. अगदी काठावर आहेस, पोरी. पन्नासवर गेलीस तर सतरा! आणि ही बटणवाली, दीड मीटरची. तिला पन्नास शोभले असते, बाविसाच्या आसपास आली असती; तिचे खरे त्रेपन्नही पंचविसाच्या आतच बसतात. हा हिशेबही अंदाजच. गरोदर बाईला, पैलवानाला तो लागू नाही. शंका असली तर डॉक्टर आहेतच.”

धाकटी बोटांवर दोनदा हिशेब करून बघत होती. “म्हणजे मी जाडी नव्हतेच?”

“तू उंच आहेस, वेडे.”

ती आधी हसली, मग ढसाढसा रडली, मग बटणवालीचा अख्खा डबा संपवला. बटणवाली बघतच राहिली.

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कुणी तुम्हाला आकडा सांगितला, की तो कुठून आला ते विचारा. कुणी चमत्कार दाखवला, की काटा रिकामा असताना बघायला मागा. झाकलेलं उघडून बघितल्याने कुठलाही देव रागावत नाही, रागावतो तो झाकणारा.

संध्याकाळी धाकटीने झगा माझ्या टेबलावर टाकला.

“दादा, कंबर उसव. दोन्ही शिलाया.”

इतक्या आनंदाने मी आजवर एकही शिवण उसवलेली नाही.