बाळांच्या खोलीचं दार

निघायच्या आधी सासूबाईंनी सुनेला एकच प्रश्न विचारला होता. "देवाचं काम करायला आपल्या गल्लीत देवाने बंदी घातलीय का?"

ती नुसती हसली. परदेशातल्या मिशनमध्ये वर्षभर सेवेला जायचं, हे नवऱ्याच्या मनात लग्नाआधीपासून होतं. तो इलेक्ट्रिशियन, आणि तिथे पंप, वायरिंग बघणारं कुणी नव्हतं. ती बालवाडीत शिकवायची. चर्चमध्ये दोघांना पुढे बोलावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, आणि मग माघार घ्यायची सोयच उरली नाही. त्यांच्या सात वर्षांच्या लेकीला, भिंगरीला तर विमानात खिडकी मिळणार, एवढंच कळलं होतं.

मिशनचं आवार उंच भिंतीच्या आत होतं. एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला बाळांची खोली, मध्ये स्वयंपाकघर. खोलीत नऊ पाळणे. कुणाचे आईबाप गेलेले, कुणाचे कुठे आहेत ते माहीत नसलेले. मिशन सांभाळणाऱ्या पाळकसाहेबांनी, तिथल्या धर्मगुरूंनी, पहिल्याच दिवशी सगळं फिरून दाखवलं आणि सावकाश, सोप्या इंग्रजीत एक नियम सांगितला.

"गावात अधूनमधून गोळीबार होतो. भोंगा वाजला की जिथे असाल तिथलं दार आतून बंद करायचं. आमची घंटा होईपर्यंत उघडायचं नाही. कुणासाठीही नाही."

"देवासाठीपण नाही?" भिंगरीने विचारलं.

"देवाला दार लागत नाही, बाळ," ते हसून म्हणाले.

नवराही हसला. "गोळीबाराचं तुम्हाला माहीत होतं?" तिने नंतर त्याला विचारलं.

"अगं, अधूनमधून म्हणाले ते. होईल सवय."

"झाली की मला सांगा. तोवर मी घाबरते."

आणि ती खरंच घाबरत राहिली. फाटकाशी दोन माणसं मोठ्याने बोलायला लागली की ती भांडतायत की ख्यालीखुशाली विचारतायत, तेही कळायचं नाही. भांडं पडलं तरी दचकायची. भिंगरी शाळेतून येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. बाळांच्या खोलीत तेवढं बरं वाटे. तिथे एक म्हातारी बाई काम करायची, तिथलीच. भिंगरीने तिला पहिल्या दिवशी मावशी म्हटलं, आणि तेच नाव पडलं. मावशींना मोडकंतोडकं इंग्रजी यायचं, बाकी काम हातवाऱ्यांवर भागायचं. दुपटी बदलायला भाषा कशाला लागते?

भोंगा वाजला तेव्हा सकाळच होती. ती बाटल्या उकळत होती. नवरा गच्चीवर टाकीचं काम करत होता, भिंगरी शाळेत होती. मावशींनी एका दमात दार लोटलं, लोखंडी दांडी आडवी टाकली, आणि पाळणे खिडकीपासून लांब ढकलायला लागल्या. पत्र्यावर कुणी मूठ मूठ खडी फेकावी तसे आवाज यायला लागले. आधी लांबून, मग जवळून. तिचे हात चालत होते, पण डोक्यात एकच चाललं होतं. शाळा त्या टोकाला. शाळा त्या टोकाला.

तेवढ्यात दारावर थापा. "आई! आई, दार उघड!"

मावशी दांडीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी मान हलवली. नियम. त्या वेळी तिला ना नियम आठवला ना मावशींचं वय. तिने त्यांना कोपराने बाजूला ढकललं, दांडी काढली, भिंगरीला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं. मग तिला एक धपाटा घातला आणि लगेच छातीशी धरलं.

"सगळे बाकाखाली बसले होते," भिंगरी हुंदके देत म्हणाली. "मला तू पाहिजे होतीस."

तिचे हुंदके थांबले नव्हते तोच दारावर पुन्हा थापा पडल्या. या खेपेला मोठ्या हाताच्या. पुरुषाचा आवाज, मागे कुणा बाईचाही. मावशींनी कान देऊन ऐकलं आणि दांडीला हात घातला.

"नाही!" ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "नियम आहे ना? कुणासाठीही नाही!"

मावशींनी भिंगरीकडे बोट दाखवलं. "तुझी आली," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नुसतंच.

"ती माझी मुलगी आहे. हे कोण आहेत, कुणाला माहीत!"

थापा थेट तिच्या पाठीच्या कण्यावर बसत होत्या. तिने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, पण लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना, पहिल्या ओळीपुढे गाडी जाईना. मग थापा थांबल्या. कुणीतरी दाराला टेकून खाली बसलं, ते फळीतून तिला कळलं.

"आई, कोण आहे?"

"माहीत नाही. मला त्यांची भाषा येत नाही."

"मलापण नाही येत. पण ते आत यायचं म्हणतायत."

धाडस वगैरे काही नव्हतं. पाठीला लागलेलं ते वजन तिला सोसवेना, एवढंच. तिने दांडी काढली.

एक आडदांड माणूस जवळजवळ आत कोसळला. मागे एक थकलेली म्हातारी. त्याची बाही रक्ताने भिजलेली आणि कमरेला हातभर लांब सुरा. दार पुन्हा लागलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आता आपण या माणसाबरोबर कोंडलो गेलोय. तिने भिंगरीला पाळण्यामागे दाबलं. उकळत्या पाण्याचं भांडं किती लांब आहे, ते डोळ्यांनी मोजलं.

माणसाने तिची नजर पाहिली. सुरा काढून जमिनीवर ठेवला आणि पायाने मावशींकडे सरकवला. "खाटीक," मावशींनी मानेवर हात फिरवून दाखवलं, मग म्हातारीकडे बोट केलं. "त्याची आई." तेव्हा तिला दिसलं, त्या एवढ्या मोठ्या माणसाचे दात वाजत होते.

आणि एक बाळ रडायला लागलं. मग दुसरं, तिसरं, अशी सहा. बाहेर फरशीवर पावलं वाजली, पळणारी, पुष्कळ. मावशींनी दोन बाळं उचलली, तिने दोन, म्हातारीने न सांगता एक घेतलं. सहावं रडतच होतं. तिने ते खाटकाच्या बऱ्या हातात कोंबलं. त्याने आपली जाडजूड करंगळी त्याच्या तोंडात दिली. बाळ गप्प झालं.

पावलं दाराशी थांबली. कुणीतरी दार दाबून पाहिलं. दांडी किरकिरली. तिने बाळाचं डोकं गळ्याशी धरलं. भिंगरीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. मग बाहेर कुणी काहीतरी ओरडलं आणि पावलं पुढे गेली.

घंटा झाली तेव्हा ती जमिनीवरच बसली. नवरा धावत आला. तो गच्चीवर टाकीमागे पालथा पडून होता, टाकीला गोळी लागली आणि सगळं पाणी त्याच्या अंगावर. "बाप्तिस्मा दुसऱ्यांदा झाला," असं म्हणायला गेला आणि मध्येच रडला.

पाळकसाहेबांनी खाटकाचा हात बांधला, मग तिच्याकडे वळले. "दार उघडलंत?"

"दोनदा."

"मी रागवायला हवं. चुकीची माणसं असती तर?"

"माहीत आहे," ती म्हणाली. तिला खरंच माहीत होतं.

त्यांनी विमानतळावर जायला गाडी देऊ केली. "तू म्हणशील तसं," नवरा पहिल्यांदाच म्हणाला. तिने बॅगा भरल्या. पण सकाळी गाडी दाराशी आली तेव्हा विमानतळापर्यंतचा तो रस्ता तिला खोलीपेक्षा भयंकर वाटला. "आज नको, पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात दोन बाळांना ताप होता. त्यानंतर कुणी विचारलं नाही, आणि तिनेही विषय काढला नाही. असं करत वर्ष गेलं.

भिंगरीचा वर्ग तिने हट्टाने बाळांच्या शेजारच्या खोलीत आणवला. भोंगा पुन्हाही वाजला. सवय काही झाली नाही. पण तिथल्या भाषेतले तीन प्रश्न तिने मावशींकडून घोकून घेतले होते. दारावर थाप पडली की दांडीवर हात ठेवून ती कापऱ्या आवाजात विचारायची: कोण? किती जण? कुणाला लागलंय का?