आत्याचा मान

वीरानं आत्याच्या पाकिटातली एक लाल टिकली काढली आणि फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटवली. नखानं कडा दाबल्या. मग फोन गव्हाच्या डब्याला टेकवून समोर मांडी घातली. पडद्यावर नऊ चौकोन उघडले. आठांत माणसं होती. नवव्यात नुसता तांबडा अंधार, आणि खाली एकच अक्षर: वी.

कॅमेरा बंद करायचं बटण असतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण बटणाचा काय भरवसा? एखाद्या दिवशी चुकून बोट लागायचं आणि झालं मग! टिकली बरी.

घरात, शाळेच्या दाखल्यावर आणि गावभर तिला वीरधवल म्हणतात. नानासोंचा धाकटा मुलगा, वय सव्वीस. ती स्वतःला वीरा म्हणते, आणि ते फक्त या वर्गाला माहीत आहे. आपणही वीराच म्हणू. कुणीतरी म्हणायला नको का?

वर्ग खुणांच्या भाषेचा, दर रविवारी सकाळी अकराला. पुरुषावर जीव जडलेले पुरुष, बाईवर जीव जडलेल्या बाया, वीरासारखी माणसं, अशांसाठी मुद्दाम काढलेला. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारलं होतं, तुला ‘तो’ म्हणायचं, ‘ती’ म्हणायचं, की आणखी काही? असं विचारता येतं हेच वीराला ठाऊक नव्हतं. शिकवणारी ब्राह्मी सांगलीची, जन्मापासून बहिरी. हातांनी शिकवायची, आणि कुणाचं अडलं की पडद्यावर लिहायची.

विट्यातला हा बंगला तीन मजली, सोनं गाळायच्या धंद्यावर उभा राहिलेला. आणि राहायला माणसं दोन, वीरा आणि आत्या. नानासो, आई आणि थोरला शिवतेज तिकडं दक्षिणेत, सेलमच्या दुकानात. घरी यायचे ते यात्रेला नाहीतर लग्नाला. वीराही दोन वर्षं दुकानात होती. “हात खिशात घाल. बाईवानी हात नाचवत बोलतोस, गिऱ्हाईक हसतंय,” असं नानासो दिवसातनं दहादा म्हणायचे. शेवटी, आत्याकडं बघायला कुणीतरी पाहिजे, असं म्हणून तिला गावी धाडलं. खरं कारण सगळ्यांना कळत होतं. बोललं कुणी नाही.

हरणाबाई आत्या ही नानासोंची थोरली बहीण. जन्माची बहिरी. शाळा नाही, लग्न नाही. घरानं तिच्याशी बोलायला दहा-बारा खुणा केल्या होत्या: जेव, ये, म्हैस, औषध. मिशी पिळली की नानासो. मोटारसायकलची मूठ पिळली की शिवतेज. गुडघ्याएवढा हात धरला की धाकटं, म्हणजे वीरा. सव्वीस वर्षांची झाली तरी ती आपली गुडघ्याएवढीच.

बारा रविवार वीरा माडीवर ही भाषा शिकत होती, आणि खाली एक बहिरी बाई एकटी तांदूळ निवडत बसलेली असायची. तिला एक खूण म्हणून शिकवली नाही. वीराला याची लाज वाटे, लय वाटे. पण भीती त्याहून मोठी होती. रविवारी संध्याकाळी सहाला नानासोंचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि आत्या आठवडाभर पाहिलेलं सगळं हुबेहूब करून दाखवायची. शेजारणीची चाल, म्हशीनं दिलेली लाथ, काही सोडायची नाही. हा वर्ग तिनं पाहिला तर हाही नानासोंसमोर होणार. मग एखादी मुलगी बघतील आणि हळद लावून मोकळे होतील.

आज शेवटचा वर्ग होता. आज नावं मिळणार होती.

“आमच्यात खुणेचं नाव स्वतः घेत नाहीत,” ब्राह्मीनं लिहिलं. “ऐकणाऱ्यानंही द्यायचं नाही. बहिऱ्या माणसानं तुम्हाला बघायचं आणि द्यायचं.”

कऱ्हाडच्या आर्जवला गालावरच्या खळीचं नाव मिळालं. रहिमतपूरच्या क्रांतीला सारखा चष्मा वर ढकलायची सवय, तिचं तेच नाव झालं. सातही जणांनी एकमेकांची नावं हातांनी करून पाहिली. सगळे हसत होते. टिकलीमागं वीराही हसत होती, पण ते कुणाला दिसत नव्हतं. वर्ग संपला की तिला वीरा म्हणणारं जगात कुणी उरणार नव्हतं. निदान खुणेचं एक नाव तरी गाठीशी असावं, एवढंच तिला हवं होतं.

“वीरा, तुला कसं देऊ? मी तुला पाहिलेलंच नाही.”

“रेंज नाही,” वीरानं लिहिलं.

“बारा आठवडे?”

वीराचं बोट टिकलीपर्यंत गेलं आणि मागं आलं.

“मी रागावले नाही,” ब्राह्मीनं पुढं लिहिलं. “तुला रोज बघणारं कुणी बहिरं माणूस असेल, तर त्यानं दिलेलं नावही चालतं. सावकाश सांग.”

वीरानं मान वर केली आणि तिला दारात आत्या दिसली. हातात ताकाचा पेला. ताकावर माशी बसली होती, म्हणजे ती बराच वेळ उभी होती.

वीरानं फोनवर हात आडवा धरला. आत्यानं पेला खाली ठेवला, तो हात अलगद बाजूला केला आणि शेजारी बसली. पडद्यावरच्या हातांकडं ती बघतच राहिली.

वीराच्या बारशाला नाव ठेवायचा मान खरं तर हिचा. सख्खी आत्या ना! पण मुकी बाई पोराच्या कानात नाव सांगणार कशी? म्हणून भावकीतल्या चंद्राबाईला आत्या करून बसवलं. तिनं कुर्र करून वीरधवल म्हटलं, आणि मानाचं लुगडंही तिच्याच घरी गेलं. हरणाबाई तेव्हा पंगतीत वाढत होती. आई हे नेहमी हसून सांगायची.

वीरानं आत्याला आपल्याकडं वळवलं. मिशी पिळली. मोटारसायकलची मूठ पिळली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि तळवा उघडला: मी कोण?

आत्यानं गुडघ्याएवढा हात धरला.

वीरानं मान हलवली. उठून उभी राहिली, आत्यापेक्षा हातभर उंच, आणि पुन्हा विचारलं.

आत्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग डाव्या हाताचं मनगट उजव्या मुठीत धरलं आणि मूठ वर वर सरकवत कोपरापर्यंत नेली. अगदी जपून, काहीतरी फुटेल अशा बेतानं.

वीराला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा ती पुन्हा आत्याशेजारी बसली. सात वर्षांची असताना, जुन्या घरात, तिनं आत्याच्या ट्रंकेतली हिरवी काकणं घातली होती. बारक्या हातात ती ठरत नव्हती, म्हणून पार कोपरापर्यंत सरकवलेली. घरात कुणी नव्हतं, असं ती एकोणीस वर्षं धरून चालली होती. त्या ट्रंकेला पुढं कधी कुलूप लागलं नाही, हे तिला आत्ता आठवलं. आणि म्हशीची लाथसुद्धा न विसरणाऱ्या आत्यानं ही एक गोष्ट आजवर कुणाला करून दाखवली नव्हती.

वीराला रडू फुटलं. रडता रडताच तिनं टिकलीची कड नखानं उचलली.

नवव्या चौकोनात दोन बायका दिसल्या, एक म्हातारी आणि एक तरुण. वीरानं मनगटापासून कोपरापर्यंत मूठ नेली, मग आत्याकडं बोट करून ‘बहिरी’ अशी खूण केली. ब्राह्मीनं तसंच केलं. मग बाकीच्या सातही जणांनी केलं.

ब्राह्मीनं आत्याकडं बोट दाखवून कानाला हात लावला, मग स्वतःच्या कानाला. तू बहिरी, मी पण. आत्यानं पडद्याला हात लावून पाहिला. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तळवा उघडला: मी कोण? घरात तिच्या नावाची खूण कुणी केलीच नव्हती.

“एका भेटीत देत नाही,” ब्राह्मीनं लिहिलं. “पुढच्या रविवारी तिला घेऊन ये.”

“पण वर्ग संपला ना?”

“तुझा संपला. तिचा कुठे सुरू झालाय?”

संध्याकाळी सहाला फोन वाजला. नको सांगू, ही खूण वीराला येत होती. तिनं ती केली नाही. नेहमीसारखा फोन आत्यासमोर उभा केला आणि स्वतः फोनच्या मागं भिंतीला लागून उभी राहिली.

नानासोंनी जेवणाचं विचारलं, म्हशीचं विचारलं. मग गुडघ्याएवढा हात धरला: धाकटं कुठाय?

आत्यानं जोरात मान हलवली. गुडघ्याएवढं काही नाही, असं हातानं पुसून टाकलं. मग मनगट धरून मूठ कोपरापर्यंत नेली.

“काय म्हणतीया आक्का?” नानासो ओरडले. “वीरधवल! हायस का तिथं? काय दाखवतीया ही?”

आत्या पुन्हा तेच करत होती. नानासोंना ऐकायला येत नसावं, असं समजून ती ते आता सावकाश करत होती.

वीरा भिंतीपासून निघाली. फोनला वळसा घालून आत्याला खेटून बसली, नानासोंना नीट दिसेल अशी.

“माझं नाव हाय ते, नाना,” ती म्हणाली. “आत्यानं ठेवलंय.”