पिवळ्या डागातली ट्राम

सर्बियातल्या नीश शहराचं ते चित्र दोन मीटर रुंद होतं, आणि त्यात नेमकं काय आहे हे काढणाऱ्या तेओदोरालाही धड सांगता येत नव्हतं. रेघा, शिंतोडे, कुठे तिरकी खिडकी, कुठे नुसताच एक कान. नगरपालिकेच्या दारातल्या भिंतीवर ते टांगलं, तेव्हा लोक मान वाकडी करून बघायचे आणि "गर्दी छान आलीये" म्हणून पुढे सटकायचे.

तेओदोराच्या शेजारी राहणाऱ्या झागोर्काकाकूंना मात्र एका नजरेत उलगडा झाला. उजवीकडचा पिवळा डाग म्हणजे त्यांची बाल्कनी! परवान्याशिवाय काचा लावून बंद केलेली. आत भाजक्या मिरच्यांच्या चटणीच्या, म्हणजे ऐवारच्या बरण्या, कुंड्या आणि निवृत्त झालेले काका. बांधकाम निरीक्षक ल्युबिशासाहेब चित्राशेजारच्या जिन्यानेच रोज कचेरीत वर जाणार. आज ना उद्या ओळखणार, आणि पाडणार.

काकूंनी घरून खुर्ची आणली, डागाकडे पाठ करून बसल्या आणि विणकाम काढलं.

तिसऱ्या दिवशी साहेब थांबलेच. "काकू, जरा सरका. मागे काय आहे?"

"ट्राम."

"आपल्याकडे ट्राम कुठाय?"

"मॉडर्न चित्र आहे हो. त्यात असते."

"आणि कुंड्या?"

"लांबचा प्रवास आहे."

साहेब वाकून बघत राहिले. काकूंचे चार टाके सुटले. मग साहेबांची नजर डावीकडच्या हिरव्या फराट्यावर गेली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे काय असावं?" त्यांनी हळूच विचारलं.

"गॅरेज दिसतंय. पत्र्याचं. नवंकोरं."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "घोडा आहे तो."

"अगंबाई, खरंच की! आत्ता शेपूट दिसलं."

दुसऱ्या दिवशी तिथे दोन खुर्च्या होत्या.

तेओदोरा आली आणि चक्रावली. "काकू, ते पिवळं म्हणजे माझ्या हातून सांडलेलं अंडं आहे!"

"पोरी, तुला चित्रातलं काही कळत नाही," काकू म्हणाल्या. साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली.

रविवारी साहेब काकूंकडे जेवायला आले. बाल्कनीत पाव, चीज, ऐवार मांडलं होतं. काकांनी फळांची दारू, राकिया, ओतली. साहेबांनी काचेवर बोटाने टकटक करून पाहिलं.

"ट्राम झकास आहे. वारा अजिबात लागत नाही."

"आणि तुमचा घोडा?"

"मजेत. पुढच्या आठवड्यात त्याला शटर बसवतोय."