बिनशब्दांची झील

"आऽऽऽ गाऽऽऽ…" येडूनानांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बिरोबाच्या देवळापुढं ढोल घुमायचा, गाणारा ओवीची एक ओळ टाकायचा आणि मागं उभे राहून नाना झील धरायचे. त्यांच्या झिलीत शब्द नसायचा, देवाचं नावही नसायचं. लोक चेष्टा करायचे, "येडू, जन्मात एक तरी वळ म्हण की रं!" नाना नुसते हसायचे. एका वर्षी ते तापानं पडले, तर गाणाऱ्याची ओवी दोनदा भरकटली. वाट चुकलेल्या मेंढीसारखी कुठल्या कुठं गेली.

नाना माझे चुलते. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. मी सोलापुरात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर पीएचडी करते. आपल्या पेशींत आरएनए नावाचे बारीक धागे असतात. काहींवर प्रथिनं कशी बनवायची याचा मजकूर असतो. बाकीच्या कितीतरी धाग्यांवर असा मजकूरच नसतो, म्हणून पूर्वी त्यांना अडगळ समजत. पण त्यांतलेच काही मागं उभे राहून सूर धरतात. कुठल्या जनुकानं बोलायचं, कुठल्यानं गप्प बसायचं, ते सांभाळतात. तो सूर बिघडला की पेशी सैरभैर होतात आणि गाठ पसरायला बळ मिळतं.

बेचाळीस बायकांच्या गाठींचे तुकडे माझ्या अभ्यासात आहेत. त्यांतला एक बनाकाकीचा, म्हणजे नानांच्या बायकोचा. कुठला, ते मलाही कळत नाही. नळ्यांवर फक्त आकडे असतात.

दोन वर्षांमागं तिच्या अंगावरून जायला लागलं, तेव्हा तिनं मला फोन केला. "प्रियंका, कुणाला बोलायचं न्हाय. आमच्या पूनमलाबी न्हाय. आईला असला रोग म्हनल्यावर पोरीला कोन करंल?" गावात तिनं सांगितलं, पुतणीला भाकरी थापता येत न्हाय, तिला रांधून घालायला जाते. जुळे सोलापुरातल्या माझ्या खोलीवर राहून दोन महिने तिनं शेक, म्हणजे रेडिएशन, घेतले. त्याआधी तुकडा द्यायच्या कागदावर सही करताना म्हणाली, "घे. माझं काय तरी तुझ्या शिक्षनाला लागतंय, ह्ये काय कमी हाय?"

ती बरी झाली. माझी मात्र सांगोल्याच्या अख्ख्या पट्ट्यात बिनकामाची म्हणून ख्याती झाली.

गेल्या महिन्यात मी आमच्या वस्तीवर या कॅन्सरच्या तपासणीची गाडी नेली. बरोबर अक्कलकोटच्या शिवलीला सिस्टर होत्या. देवळाच्या मंडपात तीसेक बायका जमल्या. आमच्या शेजारच्या जोतिरामच्या आईनं मला बघितलं आणि सुरुवात केली.

"काय गं डाक्टरीन, भाकरी शिकलीस का न्हाय?"

"न्हाय की मावशी."

"मंग सासू काय कॉलेजातली बघनार का काय?"

मंडप हसला, मीही हसले. मग त्यांना माझं काम सांगितलं. नानांची झील मध्ये घेतली, तशा सगळ्या पुढं सरकून बसल्या. मागून एक म्हातारी म्हणाली, "मंजी आमचा येडू लई मोठं काम करत हुता की!" काकीनं पदर सावरला. तिची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती.

"माझ्या अभ्यासातून औषध निघायला वेळ आहे," मी म्हणाले. "तपासणी मात्र आज होते. पाच मिनिटं लागतात. लवकर सापडलं की बाई वाचते."

"बर्री अक्का, या, या," शिवलीला सिस्टरांनी पडदा धरून कानडी-मराठीत हाक मारली. कुणी उठेना. पडद्याआड जाईल तिचंच नाव गावभर होईल, ही भीती प्रत्येकीच्या डोळ्यांत दिसत होती.

जोतिरामची आई म्हणाली, "तुजं समदं बुकातलं. आपल्या लोकांत ह्यो रोग हाय कुटं? एक नाव सांग बरं."

नाव माझ्या जिभेवर होतं. त्या एका नावानं तीस बायका उठल्या असत्या. पण ते उच्चारायचा हक्क माझा नव्हता. मी खाली बघितलं.

"सांगता येत न्हाय, मावशी."

"बघा! असंल तर सांगंल की."

बायका घरी जायला पदर झटकत उठू लागल्या. तेवढ्यात काकी उभी राहिली. शेजारी बसलेल्या पूनमनं तिचा हात ओढला, "आई, बस की. तू कशाला मदी पडतीस?"

काकीनं हात सोडवला आणि तोच लेकीच्या डोक्यावर ठेवला.

"तूबी ऐक, पूनम. तुज्यापास्नंच लपवलं मी." मग तिनं जोतिरामच्या आईकडं सरळ बघितलं. "नाव पायजे न्हवं तुला? बनाबाई. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मला झाला हुता. ह्या पोरीनं नेलं, शेक दिलं, आन् ही बघ, तुज्याम्होरं हुबी हाय मी."